महाडात बसून लिहून पोट भरते का?

मराठी चांगले लिहिणारा एखादा मुलगा किंवा मुलगी महाडच्या कॉलेजातून बाहेर पडते, तेव्हा समोर साधारण तीन रस्ते असतात. एमआयडीसीत कंत्राटावर लागायचे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा किंवा मुंबईची गाडी धरायची. लेखन हा चौथा रस्ता कुणी सुचवत नाही, आणि कुणी धरलाच तर घरचे पहिला प्रश्न विचारतात तो पैशाचा. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर गुळमुळीत देऊ नये. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत लिहिणाऱ्यांना आजवर पैसे कुणी दिले, आज कोण देते आणि कायदा त्यांच्या बाजूने कितपत उभा आहे, हे एकदा सलग पाहायला हवे. माझे मत आधीच सांगतो. इथे राहून लेखनावर जगता येते. निव्वळ कथा-कवितेवर येत नाही, आणि ज्याला हिशेब नकोसा वाटतो त्याला तर मुळीच येत नाही.

सुरुवात पोलादपुरापासून करू. महाबळेश्वरच्या वाटेवरच्या या गावात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. मूळचे नेवाशाचे हे कवी. शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून त्यांनी ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य रचले. एकतीस अध्याय पूर्ण आहेत, बत्तिसाव्याचे थोडे श्लोक आहेत आणि तिथे ते थांबते. त्याची पोथी तंजावरला राहिली आणि स. म. दिवेकरांनी ती १९२७ मध्ये छापून लोकांपुढे आणली. आजच्या भाषेत हे सोपवलेले काम होते. देणारा राजा होता, विषय ठरलेला होता आणि लिहिणाऱ्याची भाकरी त्या आश्रयावर होती. सोपवलेल्या कामातून काय दर्जाचे लेखन होऊ शकते, याचा हा पुरावा आहे. मागणीबरहुकूम लिहिणे हलके मानणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

महाड तालुक्यातच वरंध घाटाच्या पायथ्याशी शिवथरघळ आहे. दासबोध याच घळीत सांगितला गेला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० मध्ये ही जागा उजेडात आणली. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास ‘लेखनक्रियानिरूपण’ आहे. त्यात अक्षराचा आकार, ओळींमधले अंतर, समास, लेखणी, शाई, कागद यांचा बारकाईने विचार केला आहे. ज्याला लेखन हा धंदा म्हणून करायचा आहे त्याने तो समास वाचावा. प्रतिभेविषयी त्यात फारसे काही नाही, हत्यारे नीट ठेवण्याविषयी पुष्कळ आहे.

मला मात्र या भागातला खरा पहिला मुक्त लेखक गोपाळबाबा वलंगकर वाटतात. ते महाडजवळच्या रावढळचे. इंग्रजी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, दापोलीला राहिले आणि ‘दीनबंधू’, ‘सुधारक’ यांसारख्या पत्रांतून अस्पृश्यतेविरुद्ध लिहीत राहिले. १८८८ मध्ये त्यांचे ‘विटाळ विध्वंसन’ आले. ते कुठल्याही वर्तमानपत्राच्या नोकरीत नव्हते, त्यांना कुणी विषय देत नव्हते. त्यांच्या लेखनामागे होती ती फौजेची पेन्शन. दरमहा ठरलेली रक्कम घरात येत होती म्हणून संपादकाची किंवा गावातल्या बड्यांची मर्जी सांभाळायची गरज पडली नाही. जे लिहायला छाती लागते ते लिहिण्यासाठी भाकरीची सोय दुसरीकडे असावी लागते, ही गोष्ट या माणसाच्या आयुष्यात स्वच्छ दिसते. आज लेखनाकडे वळणाऱ्याने मी कुठे छापून येईन याआधी माझी पेन्शन कोणती, हे ठरवले पाहिजे.

मग १९२७ उजाडले. १९ आणि २० मार्चला महाडची परिषद आणि चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले. महाडला काय घडले हे आपल्या शब्दांत सांगायला आपलेच पत्र हवे, हे त्यांनी ओळखले होते. त्याचा बराचसा मजकूर ते एकटे लिहीत. पैशाची ओढाताण मात्र संपली नाही आणि नोव्हेंबर १९२९ मध्ये पत्र बंद पडले. देशाच्या इतिहासात गणले जाणारे लेखन, आणि ते छापणारे पत्र अडीच-तीन वर्षे टिकते! वाचकांची कळकळ आणि वर्गणीची वसुली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाही खरे होते.

महाडची ती परिषद उभी करणाऱ्यांत दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे होते. पुढे ते कम्युनिस्ट चळवळीत गेले आणि १९६५ मध्ये ‘जीवनमार्ग’ हे पत्र त्यांनी सुरू केले. त्यांनी आत्मकथन लिहायला घेतले ते आयुष्याच्या उतारावर आणि ते अपुरे राहिले. मुलगा सत्येंद्र मोरे यांनी वडिलांचे चरित्र लिहून ते पुढे नेले आणि २०१९ मध्ये ते इंग्रजीतही आले. जन्मभर इतरांसाठी लिहिणाऱ्या, पत्रके काढणाऱ्या माणसाला स्वतःची कहाणी लिहायला सवड मिळाली नाही. चळवळीच्या आश्रयाने लिहिणाऱ्यांच्या वाट्याला हे अनेकदा येते.

राजाश्रय, पेन्शन, चळवळ. चौथा आधार नोकरीचा, आणि विसाव्या शतकातले मराठी साहित्य बव्हंशी त्यावरच उभे आहे. जवळच्या दापोली तालुक्यातले श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत. वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिकवत. १९३६ मध्ये ‘छाया’ लिहून ते सिनेमाकडे आले तेव्हा लेखनातून खरा पैसा दिसू लागला. रायगडाच्या वाटेवरच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख तर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री. मेघदूताचा मराठी अनुवाद त्यांनी हौसेने केला. नोकरी न धरता लेखनावर आणि व्याख्यानांवर जगलेल्यांत गो. नी. दांडेकरांचे नाव आधी येते, आणि रायगडावर त्यांचा जीव होता. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या; बाजारावर जगायचे तर किती लिहावे लागते ते त्या आकड्यावरून कळते. दुसऱ्या टोकाला अण्णा भाऊ साठे. पुस्तके घरोघर पोचली, ‘फकिरा’ गाजली, आणि १९६९ मध्ये ते गेले तेव्हा घरात हलाखी होती. खप झाला म्हणजे लेखकाच्या घरी पैसा आला असे होत नाही.

आता आजचे बघू. इथला बहुतेक लिहिणारा पहिल्यांदा वर्तमानपत्राच्या दारात उभा राहतो. अलिबागचे ‘कृषीवल’ १९३७ पासून चालू आहे, मुंबई-पुण्याच्या दैनिकांना रायगडची पाने आहेत आणि त्यांना तालुक्याला एखादा वार्ताहर लागतो. हे काम बहुधा पगारी नसते. बातमीमागे किंवा महिन्याकाठी थोडी रक्कम मिळते आणि खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनवर असते. गणपती, दिवाळी, पुढाऱ्यांचे वाढदिवस यांच्या पुरवण्यांसाठी जाहिराती गोळा करायच्या आणि त्याच माणसांविषयी बातम्या लिहायच्या, अशी ती रचना. ज्याच्याकडून मार्चमध्ये जाहिरात घेतली त्याच्या खडीच्या क्रशरविषयी मेमध्ये लिहिणे फार जड जाते. वार्ताहर भ्रष्ट असतो म्हणून हे घडत नाही. छापणाऱ्याने मजकुराची किंमत जाहिरातदारावर ढकलली, म्हणून घडते.

बाहेरच्या जगाला महाड आठवते ते संकटात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. २४ ऑगस्ट २०२० ला तारिक गार्डन ही इमारत पडली. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्याखाली होते, त्याच दिवशी तळियेवर दरड आली आणि पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळ्यातही माणसे गाडली गेली. रस्ते बंद, वीज नाही, फोन बंद. तळियेत काय झाले ते राज्याला कळायला दुसरा दिवस उजाडला. मग काही दिवस सगळी चॅनेल इथे होती. नंतर ती गेली.

आणि इथेच स्थानिक लेखकाचे काम सुरू होते. वाचलेल्या कुटुंबांनी कंटेनरमधल्या तात्पुरत्या घरांत पावसाळे कसे काढले, म्हाडाच्या घरांची वाट कशी पाहिली, शेत जुन्या जागी आणि घर नव्या जागी अशी फारकत झाल्यावर गुरांचे काय झाले, हे लिहायला वर्षभर येऊन-जाऊन राहावे लागते. मुंबईहून येणाऱ्याला ते परवडत नाही. शिवाय जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या होत्या. ते ज्याने पाहिले आहे किंवा घरच्यांकडून ऐकले आहे, त्याला २०२१ ची गोष्ट सोळा वर्षे मागून सांगता येते. ही माहिती बाजारात कुणाकडेच नसते, आणि जे दुसऱ्याकडे नाही त्यालाच भाव मिळतो. त्यामुळे तरुण लिहिणाऱ्याला मी सांगेन की वार्ताहरकी दोन-तीन वर्षे जरूर करा, पण ती मिळकत समजू नका. तहसील कचेरीत कुठला कागद कुणाकडे असतो, पंचनामा कसा वाचायचा, सातबारावरची नोंद काय सांगते, हे त्या काळात शिकून घ्या. प्रत्येक बातमीची टिपणे तारीखवार ठेवा. त्याच टिपणांतून पुढे दिवाळी अंकाचा लेख होतो, इंग्रजी नियतकालिकाला देण्याजोगा रिपोर्ताज होतो, पुस्तकाचे प्रकरण होते. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘परी’सारख्या ठिकाणी ग्रामीण वार्तांकन मराठीसह अनेक भाषांत येते. तिथले लेख वाचले तरी एका गावावर किती खोल जाता येते ते कळेल.

दिवाळी अंकांविषयी मराठी माणसाला जिव्हाळा आहे आणि मलाही आहे. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला काढला, आज दरवर्षी शेकडो निघतात. लिहिणाऱ्याचे नाव संपादकांपर्यंत पोचवायला याहून चांगली जागा नाही. पैशाच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. समजा, एका लेखाचे दोन हजार रुपये मिळाले. त्यासाठी तळियेला चार खेपा, अलिबागच्या कचेरीत एक दिवस, झेरॉक्स, फोन आणि लिहायला आठवडा गेला. रोजगार हमीवरच्या मजुरीपेक्षा ते कमी भरते. पुष्कळ अंक दोन हजारही देत नाहीत, आणि देणारे कधी देतील ते सांगत नाहीत. म्हणून वर्षाला निवडक दोन-तीन अंक धरावेत, मजकूर गणपतीच्या आधी द्यावा आणि तो लेख पुस्तकात घेण्याचा हक्क आपल्याकडे ठेवावा. ऐन पावसाळ्यात, वीज जाते-येते अशा दिवसांत हे लेखन करायचे असते, तेव्हा कामाला मे महिन्यातच हात घालावा.

पुस्तकाचा हिशेब त्याहून सरळ आहे. किंमत तीनशे, मानधन दहा टक्के, आवृत्ती हजार प्रतींची धरली तर सगळी आवृत्ती खपल्यावर तीस हजार मिळतात. मराठीत हजार प्रती खपायला दोन-तीन वर्षे सहज जातात. पुस्तक हे मिळकतीपेक्षा ओळखपत्र म्हणून कामाला येते. त्यामुळे व्याख्याने, परिसंवाद आणि पुढची कामे मिळतात. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. स्वतःच्या खिशातून प्रकाशकाला चाळीस-पन्नास हजार देऊन पुस्तक काढण्याआधी तिथे अर्ज करावा. आणखी एक दार इथून जवळ आहे आणि त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, पाचगणी आणि पसरणीचा घाट उतरला की वाई. तिथे मराठी विश्वकोशाचे काम चालते. १९७६ मध्ये पहिला खंड आला आणि बाहेरच्या अभ्यासकांकडून नोंदी लिहून घेण्याची तिथली जुनी पद्धत आहे. विश्वकोशाच्या नोंदीतून घर चालणार नाही. पण मोजक्या शब्दांत, विशेषण न लावता, प्रत्येक वाक्यामागे आधार ठेवून लिहिण्याची शिस्त तिथे लागते आणि ती पुढे प्रत्येक कामात पैसे मिळवून देते.

माझ्या मते या दोन तालुक्यांतल्या लेखकाचे सगळ्यात भरवशाचे काम शब्दांकनाचे आहे. पोलादपूरच्या खेड्यांतले जवळपास प्रत्येक घर मुंबईशी बांधलेले आहे. गिरणीत, गोदीत, माथाडीत, हॉटेलांत आयुष्य काढलेली माणसे आता गावी परतली आहेत किंवा मुलांकडे मुंबईत आहेत. त्यांची मुले शिकली, चार पैसे हाती आले, आणि बाबांचे आयुष्य कुठेतरी लिहून ठेवावे असे त्यांना वाटू लागले आहे. ग्रामस्थ मंडळांना सुवर्णमहोत्सवी स्मरणिका काढायच्या असतात, शाळांना शतकाचा इतिहास हवा असतो, हरिनाम सप्ताहाच्या परंपरा लिहून हव्या असतात. पैसे द्यायची तयारी असते. करणारा माणूस मिळत नाही.

हे काम कसे चालते ते थोडे जवळून सांगतो. म्हातारा माणूस सनावळी सांगत नाही. तो सांगतो, पानशेत फुटले त्या साली मी मुंबईला गेलो, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरली पोटात होती, संप झाला आणि गिरणी सुटली. लिहिणाऱ्याने तिथल्या तिथे वहीच्या समासात मांडायचे असते: पानशेत १२ जुलै १९६१, कोयना ११ डिसेंबर १९६७, गिरणी संप १८ जानेवारी १९८२. या तीन खुंट्या रोवल्या की बाकीचे आयुष्य त्यांच्यामध्ये लागते. लग्न आधी की भूकंप आधी, घर बांधले तेव्हा संप चालू होता का, असे विचारत गेले की वर्षे आपोआप जुळतात. मग रेशनकार्ड, गिरणीचे ओळखपत्र, शाळेचा दाखला पडताळायचा. दाखल्यावरची जन्मतारीख बहुधा गुरुजींनी अंदाजाने लावलेली असते, तेही लक्षात ठेवायचे. बैठका घरी घ्याव्यात, दुपारच्या जेवणानंतर, आणि बाई बोलत असतील तर सुनेला किंवा मुलाला थोडा वेळ बाहेर पाठवावे. बाबांच्या पुस्तकात आईचे म्हणणे यायला तेवढाच मार्ग असतो. सगळे रेकॉर्ड करावे आणि वहीतही उतरावे. बोलणाऱ्याची बोली ठेवायची की प्रमाण मराठी करायची, ते पहिल्या दहा पानांचा नमुना दाखवून ठरवावे. पुस्तक झाल्यावर भांडण नको.

पैसे तीन हप्त्यांत: काम सुरू करताना, पहिला खर्डा दिल्यावर आणि छपाईला जाण्याआधी. मुखपृष्ठावर ‘शब्दांकन’ म्हणून नाव येणार की नाही, ते कागदावर घ्यावे. ज्याला नाव नको आहे त्याच्याकडून जास्त पैसे घ्यावेत, कारण ते पुस्तक पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवता येणार नाही. आणि कुणाची बदनामी होईल असा मजकूर, भाऊबंदकीचा दावा, जमिनीचा वाद आला की तो खर्ड्यातून काढावा किंवा आधी वकिलाला दाखवावा.

अनुवादाचे काम याच्या खालोखाल येते. महाडच्या एमआयडीसीत रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आहेत. सुरक्षेच्या सूचना, प्रशिक्षणाच्या पुस्तिका, पर्यावरणाच्या जनसुनावणीचे सारांश हे सगळे मराठीत लागते, आणि बऱ्याचदा ते अशा मराठीत असते की वाचणाऱ्या कामगाराला मूळ इंग्रजी बरे वाटावे. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी इथल्या एका कारखान्यातल्या स्फोटात अकरा कामगार गेले. ज्या ठिकाणी काम एवढे धोक्याचे आहे तिथे ड्रम कुठे ठेवायचा, व्हॉल्व्ह कधी उघडायचा नाही, डोळ्यांत उडाले तर किती वेळ पाण्याने धुवायचे, हे कामगाराच्या तोंडच्या शब्दांत लिहिलेले हवे. हे लेखनच आहे, आणि जबाबदारीचे आहे. साहित्यात नाव असलेल्यांनी त्याला कमी लेखू नये.

हिशेब करून पाहू. महिन्याला पंचवीस हजार हवे आहेत आणि शब्दाला एक रुपया दर मिळतो असे धरले, तर पंचवीस हजार शब्द करावे लागतात. बावीस दिवस काम केले तर रोज साडेअकराशेच्या आसपास. हे जमते. पण दर पन्नास पैशांवर आला की तेच काम दुप्पट होते आणि आठवड्याभरात पाठ आणि डोळे तक्रार करतात. दर पडू न देणे हाच या धंद्याचा गाभा आहे. यंत्रे आल्यापासून तो आणखी कठीण झाला आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि वेबसाइटींसाठी शब्दाच्या भावाने भरताड मजकूर लिहून देण्याचे काम ओसरत गेले. ज्यांनी फक्त तेच केले ते अडचणीत आले. अनुवादातही गिऱ्हाईक म्हणते, यंत्राचे मराठी आहे, फक्त तपासून द्या. तपासण्याचा दर शब्दावर घेऊ नये, तासावर घ्यावा. वाईट मजकूर सुधारायला नव्याने लिहिण्याहून जास्त वेळ जातो. जो मजकूर आधीच कुठेतरी पडलेला आहे तो यंत्राला चटकन मांडता येतो. सुतारवाडीत जाऊन आजीशी बोलणे, दाखला पडताळणे आणि वर्षभराने पुन्हा जाणे ही कामे माणसाचीच राहिली आहेत.

ऐकायच्या पुस्तकांचा आणि मालिकांचा बाजारही आहे. ‘प्रतिलिपी’ २०१४ पासून आहे, ‘स्टोरीटेल’ भारतात २०१७ मध्ये आले. पटकथेकडे वळणाऱ्याने मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये कथा नोंदवल्याशिवाय ती कुणाला वाचायला देऊ नये. एवढे सांगून पुढे जातो, कारण या कामाला मुंबईत वरचेवर जावे लागते. महाडपासून मुंबई पावणेदोनशे किलोमीटर आहे आणि महामार्गाची अवस्था सगळ्यांना ठाऊक आहे.

कायद्याचे ज्ञान मात्र प्रत्येकाला हवे, आणि तिथेच आपली माणसे सगळ्यात कच्ची आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेल्या लेखकाच्या मजकुराचा पहिला मालक लेखक असतो. त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीचा कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरला जातो, आणि वेगळे ठरलेले नसताना घेणाऱ्याने वर्षभरात तो हक्क वापरला नाही तर तो परत येतो. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क वारसांकडे राहतो. म्हणजे प्रकाशकाने पुढे केलेल्या करारात ‘सर्व हक्क, सर्व भाषांत, कायमचे’ असे असेल तर ते खोडून ‘मराठी, छापील आवृत्ती, पाच वर्षे’ एवढे लिहायला सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. ध्वनी, ई-पुस्तक, चित्रपट आणि भाषांतर यांच्या ओळी वेगळ्या ठेवा. तळियेवरच्या एका लेखाचे चार ठिकाणी पैसे मिळायचे असतील तर हे केल्याशिवाय मिळत नाहीत.

उधारी बुडते ही दुसरी तक्रार. सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही उद्यम नोंदणी करता येते आणि ती फुकट आहे. नोंदणी असेल तर २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे घेणाऱ्यावर बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते, आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. बिलाच्या तळाशी ही एक ओळ छापलेली असली की कंपन्यांचे लेखा विभाग लवकर हलतात. एप्रिल २०२५ पासून एका ठिकाणाहून वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर व्यावसायिक मानधन गेले की दहा टक्के कर कापला जातो. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो, आणि पुष्कळ लेखक तो सोडून देतात. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही.

इथे राहण्याचे फायदेही मोजले पाहिजेत. घर बहुधा स्वतःचे असते, भात घरचे असते, भाडे नसते. मुंबईत ज्या रकमेत खोलीचे भाडे सुटत नाही त्या रकमेत इथे महिना निघतो. म्हणून सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून सुरुवात करणे इथे शक्य आहे. पण ही मोकळीक सगळ्यांना सारखी नाही. ज्याच्याकडे जमीन नाही, ज्याच्या घरी एकटाच कमावता आहे, त्याने नोकरी सोडून लेखनात उडी घेऊ नये. एमआयडीसीची पाळी सांभाळून वर्षभर दोन कामे नियमित करून पाहावीत. मुलींना तर लेखन म्हणजे घरबसल्या वेळ घालवणे असे समजून कामाचा वेळच दिला जात नाही. दारात पाहुणे आले की लॅपटॉप मिटतो. जिला हे करायचे आहे तिने पहिल्या बिलाचे पैसे स्वतःच्या बँक खात्यात घ्यावेत आणि घरच्यांना पासबुक दाखवावे. त्यानंतर वेळ मिळू लागतो.

मिळकतीचे गणित माझ्या अंदाजाने असे बसते: निम्मी अनुवादातून, तिसरा हिस्सा शब्दांकन आणि स्मरणिकांतून, आणि उरलेल्यात वर्तमानपत्रे, दिवाळी अंक, पुस्तक. स्वतःचे मोठे लेखन या सगळ्यातून वाचवलेल्या सकाळी करायचे. वलंगकरांना पेन्शन होती. आजच्या लेखकाला ती स्वतःच्या दुसऱ्या कामातून तयार करावी लागते.

शेवटी संपादकांना, प्रकाशकांना आणि स्मरणिका काढणाऱ्या मंडळांना एक विनंती आहे. यंदा लेख मागवणारे पत्र पाठवाल तेव्हा त्यात शब्दमर्यादा आणि अंतिम तारीख लिहिताच. त्याखाली मानधनाचा आकडा आणि ते कोणत्या तारखेला खात्यात जमा होईल, या दोन ओळीही लिहा. रक्कम छोटी असली तरी चालेल, पण ती आधी कळू द्या.